मार्थाबाईले आजचंच लागे

फोन आला तवा मी तुरीची दाळ निवडून राह्यली होती. बुधवार होता. अमरावतीच्या राजापेठेत माह्या घरी दर बुधवारी प्रार्थनेले बाया जमतात, त्याईच्यासाठी खिचडी टाकाची होती. फोनवर करुणा होती, मार्थाबाईची पोरगी, अकोल्याहून. "मावशी, आई गेली. खुर्चीवर बसल्या बसल्या गेली." मी हातातली दाळ निवडून पुरी केली, शेजारनीले देली आनि अकोल्याच्या बसमधी बसली. रडू नाही आलं. मले लवकर येत नाही.

मी दुसरीपर्यंत शिकली. मी बोलून राह्यली, नात लिहून राह्यली.

मार्थाबाई माही वरूडची सोबतीन. संत्र्याच्या शेडात आमी दोघी फळ निवडून पेट्या भरो. सालीचं तेल हाताच्या भेगात गेलं का अशी आग होये का जेवाले घास उचलवे नाही. तिथंच एक दिवस ट्रकवर पेट्या चढवता चढवता माहा मालक पडला, तो उठलाच नाही. पदरात दोन पोरी. पाळक आले, देवाची मर्जी म्हनून गेले. मी चर्चात जाओ, पन सारे गात तवा तोंड बंद ठेवो. देवासंगं बोलनंच टाकलं होतं मी.

मार्थाबाईच्या घरी तवा दर बुधवारी प्रार्थना होये. तिच्यापाशी एक पिवळा कप होता, कान तुटलेला. चहा वाटताना तो कप ज्याच्या हाती येईन त्यानं पहिले देवाची स्तुती सांगाची, मंगच घोट घ्याचा. आनि स्तुती आजचीच पाह्यजे. ज्याचं तोंड उतरलेलं दिसे, कप बरोबर त्याच्याच हाती जाये. एका बुधवारी तो माह्या हाती आला.

"सांग वं लीले, आज काय केलं देवानं?"

"काईच नाही."

"बरं. उद्या येतो मंग."

दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. ना समजावलं, ना वचन वाचलं. माह्या चुलीपाशी बसून कांदे चिरून दे, चहा करे, कप समोर ठेवे. चहा थंडा होये. "उद्या येतो," म्हने. एक दिवस शेडात जाच्या आधी तिनं माह्या भेगाईत मेनबत्तीचं मेन भरलं. संध्याकाळी कप आला तं माह्या तोंडून निंघालं, "आज हाताची आग नाही झाली."

"झाली स्तुती! येवढीच लागते त्याले. पी आता चहा."

तो चहा मी रडत पेली... पन पेली.

मले ते सोपं वाटलं. पुढचे तीन बुधवार मी तेच सांगतलं, हाताची आग नाही झाली. चवथ्या बुधवारीबी तेच सांगतलं तं मार्थाबाई साऱ्या बायाईसमोर म्हनली, "काहून वं लीले, देवाले शिळं वाढतं काय?" बाया हासल्या. मीबी हासली, मालक गेल्यावर पह्यल्यांदा.

पुढं आमी दोघीबी अमरावतीले आलो. म्हातारपनी करुणा तिले अकोल्याले, जुन्या शहरात घेऊन गेली.

अकोल्यात मार्थाबाईची माती झाली, पावने गेले. करुणा भिंतीले टेकून बसली. "मावशी, मले गानं म्हनाले सांगू नको. प्रार्थना तं बिलकुल नको."

"नाही सांगत," मी म्हनलं. कपाटातून पिवळा कप काहाडला, चहा वतला, तिच्या समोर ठेवला. "आज काय केलं देवानं?"

"आई नेली."

"बरं. उद्या येतो मंग."

"कुठून येतं? तू तं इथंच राहून राह्यली!"

"मंग तं सोपंच हाये."

पाच दिवस चहा थंडा झाला. सहाव्या दिवशी तिनं आईचे लुगडे धुतले. मार्थाबाई लुगड्याच्या पेटीत संत्र्याच्या वाळल्या साली ठेवे, आयुष्यभराची सवय. दुपारी करुणा दोरीवरचं लुगडं हातात घेऊन आत आली, नाकाले लावलं आनि तशीच उभी राह्यली.

"मावशी, धुतलं तरी वास गेला नाही."

"झाली स्तुती. येवढीच लागते त्याले."

मी चहा वतला, तिनं कप दोन्ही हातानं उचलला. चहा गरम होता.

कप मी तिथंच ठेवला आनि अमरावतीले परत आली. आता दर बुधवारी तिच्या घरी बाया जमतात, आनि कप कोनाच्या हाती द्याचा ते तिले बरोबर समजते. बाया जमाच्या आधी मले फोन करते. "सांग मावशी, आजचं." मी मागचं काई सांगतलं तं आईसारखीच टोकते.

आज बुधवार हाये. फोन येईनच. आज माही नात सकाळपासून माह्यापाशी बसून हे लिहून राह्यली, एकदाबी कटाळली नाही.

हेच सांगतो तिले.