बायोलॉजीची रांग आणि राहुकाळ

माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून मी तिचं नाव कॉम्प्युटरला घातलं.

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांना ऐकवलंय की आमच्या मळमड्डी भागातले रिक्षावालेसुद्धा आता मला बघून हळूच 'कॉम्प्युटर' म्हणतात. मी वकील आहे. धारवाडच्या कोर्टात माझा आवाज चढला की पलीकडच्या हॉलमधला साक्षीदार खरं बोलू लागतो. पण त्या शुक्रवारी माझी केस मीच बुडवली, आणि पक्षकार कोण, तर माझी स्वतःची मुलगी चिनू.

आमच्या कर्नाटकात दहावी झाली की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सच्या विषयांच्या तयार जुड्या मिळतात, कोथिंबिरीसारख्या. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या काड्या प्रत्येक जुडीत असतातच. चौथी तेवढी तुमच्या पसंतीची. ती बायोलॉजीची घेतली तर पोरगी नीटला बसणार. कॉम्प्युटरची घेतली तर डॉक्टरकी विसरा, नाहीतर पुढे कधीतरी बायोलॉजीची वेगळी परीक्षा देत फिरा. त्यातून नीटला बसून भागत नाहीच. सेकंड पीयूला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून निम्मे गुण हवेत, आणि नीटमध्ये इतके हवेत की ते आणणाऱ्या पोराला आईबापही नंतर अहो-जाहो करत असावेत. चिनूची त्यालाही तयारी होती. सहावीत असताना तिने आमच्या मोत्याच्या पंजातला काटा काढला होता, तेव्हापासून ती डॉक्टरच होती. फक्त सरकारला कळवायचं राहिलं होतं.

दहावीला तिला चांगले ब्याण्णव टक्के. कॉलेजच्या यादीत नाव लागलं. शुक्रवारी दहाला खिडकी उघडणार होती. आदल्या संध्याकाळी शेजारून माझी थोरली बहीण, अक्का, पंचांगासकट आली. मी अजून तिचा 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मा, उद्या शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागतो तो बारापर्यंत. त्याच्या आत पोरीचं नाव लागलं पाहिजे."

"अक्का, मी अंधश्रद्धेवर जाहीर व्याख्यानं दिलीयत."

"म्हणूनच तुझ्या केशी पडतात."

शुक्रवारी मी, चिनू आणि (न बोलावता) अक्का कॉलेजवर पोचलो. बायोलॉजीच्या खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेलेली. कॉम्प्युटरची त्या वर्षी नवी तुकडी निघाली होती. त्या खिडकीपुढे एक मनुष्य, आणि तोही पत्ता विचारत होता. आम्ही बायोलॉजीला लागलो. रांग सरकत होती. तेवढ्यात एक सफारीवाला गृहस्थ "नम्म हुडुगा मुंदे इद्दान्री," म्हणजे 'आमचा पोरगा पुढे आहे', असं म्हणत माझ्या पुढे घुसला.

मी कायदा काढला. त्याने पोट काढलं. मी त्याला रांगेचं तत्त्व समजावू लागलो, इंग्रजांच्या काळापासून. तो ऐकतोय म्हणून मला जोर चढला, आणि हातवारे नीट करता यावेत म्हणून मी रांगेच्या बाहेर आलो. भाषण संपवून वळलो तर माझ्या जागी सहा माणसं उभी, आणि सफारीवाला खिडकीशी सही करतोय.

"शेवटी जावा, साहेब," त्या सहातला एक म्हणाला. अगदी नम्रपणे. त्या नम्रपणाचा मला अजून राग आहे.

चिनू मार्क्सकार्डाची आणखी एक झेरॉक्स काढायला गेली होती. तिने सही करून ठेवलेला फॉर्म माझ्या हातात. घड्याळात दहा वीस. अक्का माझ्या कोपराला लागलेली.

"तम्मा, ती खिडकी रिकामी आहे."

"ती कॉम्प्युटरची आहे!"

"आधी आत तर शीर. विषय काय, मागाहून बदलतात. राहू बदलत नाही."

आता एखादा शहाणा माणूस हसला असता. पण मी रागात होतो. सफारीवाल्यावर, नम्र माणसावर, कॉलेजवर, राज्यसरकारवर. अशा वेळी समोर रिकामी खिडकी दिसली की माणूस मुंग्यांच्या वारुळातही फॉर्म भरतो. दहा अठ्ठावीसला मी पावती उंच धरून बाहेर आलो. अक्काने राहूला हरवल्यासारखा पदर सारखा केला.

चिनू आली. पावती वाचली.

"यात बायोलॉजी कुठाय?"

"बदलून मिळते."

ती खिडकीशी जाऊन आली. "बायोलॉजी भरली म्हणतात. बदलून आगूदिल्ल, होणार नाही म्हणतात."

अक्का आकाशाकडे बघू लागली. मी अक्काकडे. चिनू आमच्या दोघांकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे राहू-केतू म्हणजे शाळकरी पोरं.

आमच्या घरात लाड मराठीत होतात आणि भांडणं कन्नडात. चिनूने तिसरीच भाषा काढली. ती मला अप्पा म्हणायची थांबली. "वकीलसाहेब, जेवायला वाढलंय." "वकीलसाहेब, तुमचा फोन." स्वतःच्या घरात मला आपण अपॉइंटमेंट न घेता आलोय असं वाटू लागलं. बायको कॉम्प्युटरवरची धूळ रोज माझ्यासमोर पुसायची. मी कॉलेजवर खटला भरणार होतो. पण भरायचा कशाबद्दल? रिकाम्या खिडकीबद्दल?

पुढच्या बुधवारी फोन आला. बायोलॉजीतला एक मुलगा मंगळूरला चाललाय, एक जागा सुटलीय, पालकांनी येऊन प्रिन्सिपॉलना भेटावं. फोन ठेवतोय तोच भिंतीपलीकडून अक्का ओरडली, "आज बुधवार! बारा ते दीड राहुकाळ! आत्ताच्या आत्ता नीघ!"

झालं. माझ्या डोक्यात पुन्हा ठिणगी. ज्या राहूने माझं घर मोडलं त्याला आज दाखवतोच! चिनू चपला घालून दारात उभी होती आणि मी मुद्दाम दुसऱ्यांदा दाढी केली. बूट पुसले. ते पुसलेलेच होते, तरी पुसले.

"वकीलसाहेब, जागा जाईल."

"जाऊ दे बारा वाजून!"

बारा वाजून गेल्यावर आम्ही प्रिन्सिपॉलच्या खोलीत शिरलो. गृहस्थ सज्जन, कपाळाला गंध, टेबलावर अर्ज तयार.

"कुंदर्री, बसा, वकीलसाहेबर. पण एक सांगा. मुलीला डॉक्टर व्हायचंय, तर आधी कॉम्प्युटर का घेतलं?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की शिक्षणव्यवस्थेतली मूलभूत..."

"सर, राहुकाळ लागत होता," चिनू म्हणाली.

मला वाटलं, आता हा माणूस हसणार, आणि मी त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावणार. पण प्रिन्सिपॉल हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग टोपण परत लावलं.

"बरं झालं बाई आठवण केलीस. बाहेर बसा. दीडनंतर सही करतो."

माझं तोंड उघडलं. तीन व्याख्यानं एकदम घशात आली. चिनूने माझ्या पुसलेल्या बुटावर आपली टाच ठेवली आणि सगळा भार दिला.

"दीड उत्तम, सर," मी म्हणालो.

बाकावर दीडपर्यंत बसलो. व्हरांड्यात कुणी बाप दिसला की तो आमचीच जागा न्यायला आलाय असं वाटून मी दारात आडवे पाय लांब करायचो. दीडला अक्काचा फोन आला, "आता जा आत." गेलो. सही झाली. चिनूच्या हातात बायोलॉजीची पावती.

बाहेर पायरीवर आलो आणि इतका वेळ दाबलेला माझा आवाज सुटला. "शिकलीसवरलेली माणसं! प्रिन्सिपॉल! सायन्स कॉलेजचा! या देशाचं..."

चिनूने माझी बाही ओढली.

"अप्पा, हळू बोला. शिक्का मारायचा राहिलाय."

मी ताबडतोब आवाज उतरवला, आणि खिडकीशी जाऊन शिक्केवाल्याला विचारलं, सध्या वेळ चांगली आहे ना.