ह्यांचे फोटो लॅपटॉपवर आले!

मैत्रिणींनो, आज दुपारी मी एकटीनं घरातले दोन कॉम्प्युटर जोडले!

ह्यांचे सगळे फोटो त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि तो आता सारखा बंद पडतो. फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, तर शेअर केलेलं फोल्डर तिथं दिसेचना.

लेक फोनवर म्हणाली, "आई, राहू दे. तुला नाय जमायचं."

मी सेटिंग वाचत बसले. मग कळलं. शेजारच्या वहिनी आणि मी टँकरचं पाणी वाटून घेतो, तसं आमचं वायफाय बंद पडलं की त्यांचं वापरते. ह्यांचा कॉम्प्युटर आमच्या वायफायवर आणि लॅपटॉप अजून त्यांच्याच वायफायवर होता!

तो आमच्या वायफायवर आणला आणि भरलेल्या जायकवाडी धरणापुढं हसणारे हे स्क्रीनवर आले.

लेक म्हणाली, "लई भारी, आई! आज बाबा असते, तर त्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलं की, सगळ्यात आधी."

तुम्ही आधी कुणाला सांगता?