साडूच्या विमानाचं पातं

माझ्या साडूचा मला पहिल्यापासून राग आहे आणि त्याचा पाय मोडल्यावरही तो कमी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची थोरली, माझी धाकटी, एवढ्या अधिकारावर तो मला वीस वर्षं शहाणपण शिकवत आला. माझं तीर्थपुरीत लेथचं वर्कशॉप आहे. त्याचं रान कुंभार पिंपळगावच्या बाजूला, पाटाला लागून.

त्यानं दोन सीटचं हलकं विमान घरीच जोडायला घेतलं. सुटे भाग मागवून शेडमध्ये दोन वर्षं खपला. तेवढं मी मानतो. पण विमान चाकांवर उभं राहिलं आणि त्याच्या डोक्यात भरलं की पुढच्या पंख्याची पाती उडता उडता कमीजास्त तिरपी करता आली पाहिजेत. मी म्हणालो, एवढ्याशा विमानाला साधा, एकाच कोनातला लाकडी पंखा पुरे. तर म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही ट्रॅक्टर एकाच गिअरमधी चालवून राह्यले का?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. पाती कमी तिरपी ठेवली की इंजिन मोकळं पळतं आणि विमान चटकन उचलतं. वर गेल्यावर ती जास्त तिरपी करायची, म्हणजे दर फेऱ्याला हवेचा मोठा घास मिळतो आणि इंजिन निवांत चालतं. लो गिअर आणि टॉप गिअर, एवढीच भानगड. उलट केलं, तर भरलेली ट्रॉली टॉपमध्ये ओढायला काढल्यासारखं होतं.

पाती जिथं बसतात आणि कोन बदलतात तो पंख्याचा मधला भाग, म्हणजे हब, मीच बनवला. चार महिने लागले. सीटजवळ एक लिव्हर होती. ती पुढं ढकलली की उड्डाणाचा कोन, मागं ओढली की वरच्या प्रवासाचा. हबवर आणि पात्याच्या बुडाशी मी तांबड्या रंगाची एकेक रेघ मारली. दोन्ही रेघा जुळल्या म्हणजे विमान उडायला तयार. त्याला बजावलं, इंजिन सुरू करण्याआधी दरवेळी समोर येऊन रेघा बघत जा. तो म्हणाला, "मला लिव्हर दिसती ना. तुम्ही नका शिकवू." येईल त्या पाहुण्याला मात्र हब दाखवून सांगायचा, "हे मी केलंय." असल्या माणसाला काय म्हणायचं?

परवानगीचे कागद आल्यावर त्यानं सगळी भावकी जेवायला बोलावली. रानात मुरूम दाबून धावपट्टी केली होती, कडेला मंडप होता. नारळ फुटला, पंख्याला हळदी-कुंकू लागलं. मग एकेकानं आत बसून फोटो काढायचा कार्यक्रम सुरू झाला. साडूचा थोरला भाऊ बसला. उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. हात टेकवायला काहीतरी दिसलं आणि ट्रॅक्टरचा हाताचा ॲक्सिलरेटर ओढावा तशी त्यानं ती लिव्हर पार मागं ओढली. मी समोरच उभा होतो. पाती वळली आणि दोन रेघांत बोटभर अंतर पडलं.

मी पुढं झालो. तेवढ्यात साडू भावकीसमोर म्हणाला, "मिस्त्री, तुमचं काम झालं. मंडपात जाऊन बसा."

वीस वर्षं पाव्हणं म्हणणारा माणूस त्या दिवशी चारचौघांत मिस्त्री म्हणाला. मिस्त्रीकामाची मला लाज नाही, पण त्यानं ते नोकराला हाकलावं तसं म्हटलं. मी मूग गिळून मंडपात जाऊन बसलो. वाटलं, मीटर बघेल, आवाज ऐकेल, स्वतःच थांबेल. आणि असंही वाटलं की विमान जागचं नीट हलूच नये, भावकीसमोर ह्याची फजिती व्हावी. हे दुसरं वाटलेलं मला जास्त नीट आठवतं.

साडूनं आत बसून, ना रेघा बघितल्या ना लिव्हर, इंजिन सुरू केलं. ते रेटायला लागलं. आवाज दबलेला, चढाला टॉपमध्ये घातल्यासारखा. तो थांबला नाही. धावपट्टीच्या टोकाला चाकं कशीबशी सुटली आणि विमान पाटाच्या भरावावर आदळलं. मेहुणी अनवाणी धावली. साडूच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

शुद्धीवर आल्या आल्या त्यानं सांगायला सुरुवात केली, "मिस्त्रीच्या हबनं दगा दिला." महिन्याभरात ते सगळीकडं झालं. माझी जुनी गिऱ्हाइकं काम आष्टीला न्यायला लागली. एकानं तोंडावर सांगितलं, "तुमच्या हातच्या कामाचं आता भ्याव वाटतं." माझ्याकडं हाताच्या कामाशिवाय दुसरी अब्रू नव्हती. ती ह्या माणसानं खाटेवर पडल्या पडल्या धुळीला मिळवली.

मोडतोडीतून मी हब काढून आणला, धुतला, आणि बायकोला घेऊन त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता. थोरला भाऊ, मेहुणी, चार माणसं बसलेली. मी हब सगळ्यांसमोर फिरवून दाखवला. लोण्यासारखा फिरत होता. म्हणालो, "काय बिघाड आहे, दाखवा."

थोरला भाऊ खाली बघत म्हणाला, "म्या ती लिव्हर वढल्ती. फोटोच्या टायमाला."

मी जिंकलो होतो. अंगात भलताच जोर आला. मेहुणीनं विचारलं, "पाती फिरलेली भायेरून कळतंय का?" मी तिला रेघा दाखवल्या आणि म्हणालो, "समोर उभ्या माणसाला लगेच दिसतं. त्यासाठीच तर मारल्यात."

"मंग समोर कोन उभं व्हतं?"

मी म्हणालो, "मी."

"अन् तुम्ही मंडपात जाऊन बसले."

मी हो म्हणालो. एरवी संधी न सोडणाऱ्या साडूनं पायावरची चादर तेवढी सारखी केली. माझ्या कामात खोट नव्हती, हे आता सगळ्यांना पटलं होतं.

मी हब उचलला आणि दाराशी चपला घालून थांबलो. बायको उठली नाही. ती बहिणीजवळ बसून राहिली.