कुसगावचा खोटा पेशंट

लोणावळ्याला लोक धुकं बघायला जातात; मी पेशंट व्हायला गेलो. माझी मुलगी मेधा फिजिओथेरपी शिकवते. डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओच्या विद्यार्थ्यांनी एकच पेशंट मिळून कसा तपासायचा, याचं शिबिर तिने कुसगावात भरवलं होतं. मला गुडघेदुखीचं सोंग दिलं. बाकी सगळं खरं सांगायचं आणि घरच्या गोळ्या सोबत आणायच्या, असं बजावलं.

खरं सांगण्याचीच पंचाईत होती. दोन महिने उठताना चक्कर येत होती, न्हाणीघरात एकदा पडलोही होतो. मेधाला कळलं असतं तर माझं एकट्याने भटकणं त्याच दिवशी बंद.

शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल धरली. शनिवार-रविवार टाळलात तर खिडकी मिळते. तळेगाव सुटलं की डोंगर जवळ सरकतात आणि चौथीच्या पुस्तकातल्या कविता आपोआप ओठांवर येतात. समोरच्या मावशींनी दुसऱ्या कडव्यानंतर जागा बदलली. स्टेशनबाहेर गरम वडापाव खाऊन कुसगावची रिक्षा केली. भाडं बसण्याआधी ठरवावं.

मुलं एकेक करून आली. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाला म्हणालो, चक्कर कधीच नाही. फिजिओच्या मुलीने उभं केलं तेव्हा टेबल धरलं आणि पायाला मुंग्या आल्याची थाप मारली. फार्मसीच्या मुलाने गोळ्यांचं विचारलं, त्याला कविता ऐकवली. तो ऐकता ऐकता गोळ्यांची पाकिटं बघत राहिला. नर्सिंगची सारिका जवळच्याच वराळे गावची. रक्तदाब मोजताना म्हणाली, "आबा, पट्टा आवळलाय, आता गप ऱ्हावा." त्या मायेच्या दटावणीने विरघळलो आणि पट्टा सुटताच पडल्याचं सांगून बसलो. आम्ही चौघं मिळून बघणार, लपवून ठेवणार नाही, असं तिने तिथंच सांगितलं. मी मनात हसलो. डॉक्टर मंडळी कधी एकमेकांशी बोलतात का?

चहानंतर चौघं एका टेबलाशी बसली. मागे मेधा उभी. डॉक्टरकीच्या मुलाने वाचलं, "चक्कर नाही."

तो अजून डॉक्टर झाला नव्हता, तरी सारिका त्याला सर म्हणत होती. जरा अडखळली, मग म्हणालीच, "सर, मला तर न्हाणीत पडलो म्हणाले."

फिजिओच्या मुलीला टेबल आठवलं. फार्मसीवाल्याने दोन पाकिटं पुढे सरकवली. नावं वेगळी, औषध रक्तदाबाचं, तेही एकच. दोन्ही घेता का, त्याने विचारलं.

घेत होतो. जुने डॉक्टर तीस वर्षांच्या ओळखीचे, वाचनालयाशेजारचे नवे फार भले. एकाला दुसऱ्याचं सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून सकाळी यांचा मान, रात्री त्यांचा.

"आबा," सारिका म्हणाली, "दोगांचं मन राखता राखता तुमी पडलाव की."

मेधाने माझ्याकडून दोघांचे नंबर घेतले. तिने फोन लावून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावलं. नव्यांची गोळी बंद झाली. वाईट कुणालाच वाटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले, चक्कर गेली. धुकं मात्र बघायचं राहिलं. खंडाळ्याला एकट्याने जाऊ का, असं चौघांना वेगवेगळा फोन करून विचारलं; एखादा तरी फुटेल अशी आशा होती. चौघांचं उत्तर एकच: मेधाताईंना विचारून जा.

विचारलं. 'जा' म्हणाली. 'मी येते' म्हणाली नाही.