अकरा गावांचा एकच रस्ता

नीलिमा आरमोरीची. धान रोवण्याच्या दिवसांत बाकीच्या बाया बांधावर बसून शिदोरी सोडायच्या, तेव्हा ही चिखलाचे हात पुसून भावाच्या फोनवर प्रोग्रामिंगचे धडे पाहत बसायची. आई म्हणायची, "हे पोरगी भाजीसंगं फोनच खाते का काय!" ते खाणं पुढं कामी आलं आणि भामरागडला एका छोट्या संस्थेत तिला नोकरी लागली.

तिथं तिनं कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक ॲप लिहिलं. संस्थेकडच्या अकरा गावांतल्या दिवस भरत आलेल्या बाईला पुरानं वाट अडायच्या आधीच गाडीनं दवाखान्याजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणापर्यंत राहायच्या जागी, आणायचं, त्याची ही यादी. रस्ता खुला असला की घर हिरवं, बंद असला की लाल. ड्रायव्हर मुखरूभाऊ सकाळी यादी पाहायचे नि गाडी काढायचे.

नीलिमानं 'गाव' नावाचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, केला आणि त्याच्या पोटात 'घर' नावाचा. आपल्याला वाटतं, गावातल्या घराला गावाचा रस्ता ठाऊक असणारच. कोटलिनमध्ये तसं नसतं. आतल्या क्लासआधी 'इनर' हा शब्द लावला, तरच त्याला बाहेरच्याचं काही दिसतं. नाहीतर तो अंगणात राहूनही परका. नीलिमाला घाई होती. तिनं रस्ता खुला की बंद ही खूण गावातून काढली आणि कम्पॅनियन ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे साऱ्या गावांच्या सामाईक जागी ठेवली. घराला ती दिसू लागली. उन्हाळाभर अकराही गावांचे रस्ते खुले होते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

जुलैत एका गावाच्या नाल्याला पूर आला. नीलिमानं ॲपमध्ये तेवढं एकच गाव बंद केलं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका गावच्या आशा सेविका बायनाबाईंचा फोन आला. टेकडीवर चढून रेंज धरली होती बिचारीनं.

"नीलिमा, गाडी काऊन नाई धाडली वो? बुधरीले कालपासून कळा सुरू हायेत. इथी तं रस्ता कोरडा ठक्क हाये!"

नीलिमानं यादी उघडली. अकराच्या अकरा गावं लाल. तिला चूक लगेच दिसली: सामाईक खूण बदलल्यानं सारीच गावं बंद झाली होती. रडू आलं नाही, घाबरणंही झालं नाही. आतून कुणी दार लावून घ्यावं तसं झालं. ती बाहेर आली.

"मुखरूभाऊ, बुधरीच्या गावाले गाडी काढा. आत्ताच."

"यादी तं लाल दाखवून राह्यली."

"यादी खोटी हाये."

गाडी गेली. नीलिमानं 'घर'आधी 'इनर' लिहिलं आणि रस्त्याची खूण परत गावात नेली. आता यादीत नवं घर टाकायचं तर आधी नेमकं गाव हातात घ्यावं लागे; कोडमधल्या तशा जागा शोधून दुरुस्त केल्या. वीस मिनिटांचं काम. मग उरलं ते नुसतं बसणं. चहा आला, तिनं प्यायला; साखर होती की नव्हती, कळलं नाही. पायात एकच चप्पल आहे हेही तिला दुपारी दिसलं.

चार वाजता दवाखान्यातून बायनाबाईंचा फोन आला. "पोरगी झाली. रगत लई गेलं बुधरीचं, पन दोघीबी वाचल्या."

"बरं," नीलिमा म्हणाली.

मुखरूभाऊ गाडी लावून आत आले. "का बिघडलं होतं वो म्याडम?"

"घराले आपलं गाव दिसत नोहोतं, भाऊ. म्हणून मी साऱ्याइचा रस्ता एकच ठेवला."

"म्हंजे दुसऱ्याच्या नाल्याले पूर, अन् मी इथी दोन दिवस बिड्या फुकत! मले तरी इचारायचं होतं. मले ठाऊक हाये कोनता नाला कुठी भरते."

ती हसली नाही. म्हणाली, "बसा इथी. कोनत्या नाल्यानं कोनतं गाव बंद होते ते सांगा."

मुखरूभाऊ सांगत गेले. तिनं एकेक गाव बंद केलं, बाकीची दहा हिरवी आहेत का ते मोजलं, मग खुलं करून पुढचं घेतलं. शेवटी पुराचं गाव तेवढं लाल ठेवलं. बुधरीचं गाव तिनं दोनदा तपासलं.