चौबळ साहेबांचा ढीग

चौबळ साहेब कोणाच्याही टेबलावर खडी ओतत. समोरचा जेवत असला तरी. खिशातून मूठ काढत, उघडत आणि म्हणत, "बघ, किती उभी राहते." मग तीच खडी ओल्या मातीत कालवून पुन्हा ओतत. या वेळी ती पसरत जाई. "कोरडा दगड दगडाला धरतो. मध्ये ओली माती शिरली की सोडतो. शिरलं का डोक्यात?" आमची पहिली भेट अशीच झाली. त्या चिखलाखाली माझ्या भाकऱ्या होत्या.

साठ सालानंतरची गोष्ट. किनाऱ्यावर वीजकेंद्र उभं राहत होतं आणि बेटेगावजवळच्या एका खाणीतून तिकडे खडी जाई. मी खाणीवर देखरेखीला, साहेब माझे वरिष्ठ. खाणीतला चुरा आणि वरून खरवडलेली माती एकाच उतारावर टाकत असत. त्याचा मोठा ढीग झाला होता आणि त्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. जागा त्यांनी विचार करून निवडली होती. सुरुंगाचे दगड ढिगाच्या पलीकडेच अडत.

साहेबांना कोणीच चांगलं म्हणत नसे. ते मजुरांना ढोरं म्हणत, ठेकेदाराला चोर म्हणत आणि मला नावाने कधी हाक मारत नसत. ज्येष्ठात त्यांनी झोपड्या हलवण्याचा हुकूम दिला. कोणी हललं नाही. तेव्हा ते स्वतः झोपड्यांत शिरले आणि पेटत्या चुलींत घागरी ओतत गेले. काळू नावाचा मजूर कोयता घेऊन उभा राहिला. साहेब त्याला म्हणाले, "मार. पण आधी बायकोला बाहेर काढ." झोपड्या तासाभरात मोडल्या. माणसं पावसाळ्याच्या तोंडावर माळावर उघड्यावर बसली. ठेकेदाराने वर तक्रार केली आणि साहेबांची पालघरच्या कचेरीत बदली झाली. आम्ही पेढे वाटले. मीही खाल्ले.

श्रावणात ढीग सरकला. धडधडत नाही; गाडाभर भात ओतावं तसा सळसळत खाली आला आणि झोपड्यांच्या मोकळ्या जागेवर पसरून थांबला.

मी पालघरला गेलो. मनात आभार होते आणि थोडी लाजही. साहेबांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"वर किती उरलाय?"

"अर्धा असेल, साहेब."

"आणि माणसं?"

सरकायचं ते सरकलं, असं म्हणून ती पुन्हा तिथेच राहायला आली होती. मी तसं सांगितलं.

"आणि तू इथे माझी आरती करायला आलास?" ते उठून उभे राहिले. "खालचा निजला. वरचा अजून उभा आहे आणि त्याच्या पायाखालचं गेलंय. मूर्खा, आता तो कशावर टेकलाय?"

मी परतलो. काळूची बायको जानी दोनच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. मी हात जोडले, समजावलं, खडीची मूठसुद्धा ओतून दाखवली. काळू हसला. "तो म्हातारा गेला, आन् आता तू? पाचवी झाल्याबिगर आमी नाय हलणार." पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. ती त्याच झोपडीत येणार होती.

पाऊस चालूच होता. मी घागर उचलली आणि जानीच्या चुलीत ओतली.

ओल्या बाळंतिणीला माणसांनी बांबूच्या डालीत घालून माळावर नेलं आणि बाकीचेही तिच्यामागून निघाले. कोणी माझ्यावर हात टाकला नाही. जानी एवढंच म्हणाली, "हिचं नशीब ल्याहाला सटवी आता कुठं यील रं?"

उरलेला ढीग त्या पावसात सरकला नाही. परतीच्या पावसातही नाही. दिवाळीनंतर ठेकेदाराने तो रस्त्याच्या भरावासाठी उपसून नेला आणि तिथे सपाट जमीन राहिली.

चौबळ साहेब पुढे पालघरलाच वारले. तिरडीला खांदा द्यायला माणसं कमी पडली, मी होतो. आजही तो माणूस मला आवडत नाही, आणि त्याच्याइतकी कोणाची आठवणही येत नाही. जानीची ती मुलगी जगली, वाढली. पण तिचा ताप असो, मोडलेलं लग्न असो, जानी प्रत्येक वेळी माझंच नाव घेते. समोर दिसलो तर थुंकते. मी काय सांगणार? साहेबांना निदान त्यांचा ढीग सरकल्याचं ऐकायला मिळालं. माझा सरकलाच नाही. त्या वर्षी रिकाम्या झोपड्यांसमोर पावसात उभा राहून, तो सरकावा म्हणून मी वाट पाहत असे.