खुर्चीवाला त्रिंबक

तलवाड्याच्या त्रिंबकला खुर्ची उत्तम करता यायची, आणि तलवाड्यात खुर्चीवर बसणारं कुणी नव्हतं. अडचण म्हणाल तर एवढीच. पण त्यापायी त्याचा संसार अडून बसला होता.

निजाम सरकारच्या राज्यात खेड्यापाड्यांतल्या पोरांना काहीतरी हुन्नर शिकवावा अशी वरच्या मंडळींना हुक्की आली होती. गावचे पाटील अर्जुनराव यांनी शेतात न रमणाऱ्या त्रिंबकला उचलून औरंगाबादेच्या एका हुन्नरशाळेत धाडलं. तिथं त्याला सुतारकाम शिकवलं, म्हणजे खुर्ची शिकवली. कचेऱ्यांना खुर्च्या लागत, शाळा त्या पुरवी, म्हणून पोरं खुर्च्याच करत. ऐसपैस पाठ, गुळगुळीत हात, पायांना नक्षी. नांगराचं नावही तिथं कुणी काढलं नाही.

गावी परतल्यावर त्रिंबक आपणहून नांगराला हात घालायला गेला, तर गावचा सुतार तात्याबा आडवा आला. नांगर, वखर, तिफण करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं न्यायचं, हा त्याच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. "तू कुणब्याचा. उद्या मी तुझ्या वावरात पेरायला आलो तर चालंल का?" त्यानं विचारलं. तात्याबाचं काही चुकत नव्हतं.

मग त्रिंबकनं बाभळीच्या खुर्च्या केल्या. लोक येत, हात फिरवत, "लई झाक" म्हणत आणि घरी जाऊन घोंगडीवर बसत. खुर्च्या ओसरीवर धूळ खात राहिल्या.

इकडे पाली गावी त्याची बायको शिवकन्या माहेरीच अडकली होती. लग्न लहानपणीच झालेलं. आता ती विशीला आली, तरी तिचा बाप आश्रुबा तिला नांदायला पाठवेना. "आधी हाताला काम दाखवा, मग पोरगी न्या," हे त्याचं ठरलेलं उत्तर. लिंबागणेशच्या जत्रेत ती त्रिंबकला लांबून दिसली होती, त्याच्याकडे बघून हसली होती, आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

अशात सांगावा आला की हैदराबादेहून नसीरसाहेब येताहेत. हे साहेब तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. हुन्नर शिकलेल्या खेड्यातल्या पोरांना पुढे काम मिळतं का, याचा शोध घेत ते गावोगाव फिरत होते. पोराला धाडलं होतं अर्जुनरावांनी, आणि पोरगं तर रिकामं. पण पाटील डोकेबाज होते. खुर्च्या चावडीत मांडायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि ज्यानं त्यानं "ही माझी, मी करवून घेतली" म्हणून सांगायचं. शिवाय त्याच दिवशी आश्रुबालाही बोलावून घ्यायचं, म्हणजे जावयाच्या कामाचा बोलबाला परस्पर त्याच्या कानी पडेल. त्रिंबकला हे सगळं पटलं नव्हतं, पण शिवकन्येचं तोंड आठवून त्यानं खुर्च्या चावडीत नेल्या.

साहेब यायच्या आधी चावडीत बसण्याची तालीम झाली. पाय लोंबकळत ठेवून बसणं कुणालाच जमेना. मंडळींनी हळूहळू पाय वर घेतले आणि सगळे खुर्च्यांवर उकिडवे बसले. सटवा नावाचा एक गडी तर तोल जाऊन शेजाऱ्याच्या मांडीवर पडला. पाटलांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात साहेबांची बैलगाडी आली. सगळे उठून उभे राहिले. साहेब चावडीतल्या लाकडी तक्तपोसावर बसले आणि म्हणाले, "बसा, बसा."

आणि सगळे बसले, खाली. साहेबाच्या बरोबरीनं वर बसायचं हे कुणाच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं, ते एका तालमीनं कसं घडावं? खुद्द पाटीलही जाजमावर मांडी घालून बसले. मागं खुर्च्यांची रांग रिकामी.

साहेबांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "या खुर्च्या कोणाच्या?"

"आमच्याच जी," खालून उत्तर आलं.

"मग बसत का नाही?"

"रोज बसतो जी," सटवा म्हणाला. "आज तुमी हाय म्हणून न्हाई."

"घरी बसता?"

सटवा मुळातला खरा माणूस. त्यानं जरा विचार केला. "घरी बाप हाय. त्याच्यासमोर बी न्हाई."

साहेबांना हसू आवरेना. मग ते त्रिंबककडे वळले. "तूच सांग. तुला काम आहे?"

खांबाला टेकून बसलेल्या आश्रुबानं कान टवकारले. पाटील डोळ्यांनी खुणावत होते. एक 'हो' म्हटलं की बायको घरी येणार होती. त्रिंबकनं एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"न्हाई जी," तो म्हणाला. "एक बी खुर्ची खपली न्हाई. ह्या लोकांनी आजच्यापुरत्या मांडल्यात."

साहेबांनी मान हलवली, तसं लिहून घेतलं आणि गाडी पुढच्या गावाला लागली.

आश्रुबा बाहेर येऊन जावयावर चिडला. "कावून पचकलात? हो म्हणला असता तर आठ दिसांत पोरगी धाडली असती."

"मग रोज तिच्यासमोर बी हो म्हणावं लागलं असतं," त्रिंबक म्हणाला. त्याला रडू येत होतं. आश्रुबा न जेवताच पालीला गेला.

घरी जाऊन त्यानं जावयाचा गाढवपणा तिखटमीठ लावून सांगितला. शिवकन्या भाकरी थापता थापता ऐकत होती. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि भाकऱ्या झाल्यावर गाठोडं बांधायला लागली.

"कुठं निघालीस?"

"तलवाड्याला. हातची बायको जाईल पर खोटं बोलणार न्हाई, असा माणूस मला दुसरा कुठं घावंल?"

ती एकदा बोलली की बोलली. आश्रुबाला गाडी जुंपावी लागली.

तलवाड्याला आल्या दिवशी तिनं पाणी भरलं आणि घागर ठेवायला जागा शोधू लागली. पाटलांच्या घरी लाकडी घडवंची होती, बाकी गावाच्या घागरी भुईवर. शिवकन्येनं ओसरीवरची एक खुर्ची आत ओढली आणि तीवर घागर ठेवली. वर कळशी रचली, ती खुर्चीच्या पाठीला टेकून नीट राहिली. कुत्र्याचं तोंड पोचेना, कोंबडी चढेना, आणि पाणी घ्यायला वाकायला नको.

शेजारच्या भिवराबाईची कंबर धरलेली. तिनं हे पाहिलं आणि पायलीभर ज्वारी टाकून दुसरी खुर्ची उचलून नेली. मग तिची जाऊ आली, मग सटव्याची आई. नसीरसाहेबांनी विचारलं ते चावडीवरच्या बाप्यांना. घागरी उचलणाऱ्या बायकांना विचारावं हे ना साहेबांना सुचलं, ना पाटलांना, ना त्रिंबकला. तात्याबाकडे कुणी गाऱ्हाणं नेलं तर तो म्हणाला, "माझ्या बलुत्यात नांगर हाय, घागर न्हाई." हैदराबादच्या दप्तरात मात्र त्रिंबक बेकारच राहिला.

श्रावण लागला. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला आश्रुबा गाडी घेऊन आला. अंगणात भुशाचा ढीग, जावई रंधा मारतोय, लेक खुर्चीच्या हातांना तेल चोळतेय.

"चल पोरी. आई वाट बघती."

शिवकन्येनं मान वर केली नाही. "औंदा न्हाई जमायचं आबा. काम लई हाय. दिवाळीला बघू."

शिवकन्येनं तेल चोळलेली खुर्ची उचलून त्याच्या गाडीत ठेवली. "ही आईला द्या."

आणि आश्रुबा लेकीच्या जागी खुर्ची घेऊन पालीच्या वाटेला लागला.